काट्यावर नऊ जणी

“हलू नगा बायांनो,” चौगुले केबिनच्या खिडकीतून ओरडले. “तुमच्यापेक्षा ऊस परवडला. गप पडून तरी असतो.”

आम्ही नऊ जणी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उभ्या होतो. सकाळचे सव्वासहा झाले होते. गळीत हंगाम संपलेला, त्यामुळे यार्डात ना गाडी ना बैल. नुसते चाकांचे वाळलेले चर आणि शिळ्या मळीचा आंबूस वास. हंगामात ज्या लोखंडी प्लेटवर उसाने भरलेल्या गाड्या चढत, तिच्यावर आम्ही एकमेकींना खेटून उभ्या होतो. शेवंता मगदूम हसू दाबायला पदराचा बोळा तोंडात धरून थरथरत होती.

“थरथरू नकोस गं,” द्वारकाकाकू म्हणाल्या. “तिकडे दांडी हलते त्यांची.”

“काकू, तुमच्या मागं उभी हाय मी. वारासुदीक लागत न्हाई मला. दांडी कशी हलंल?”

सगळ्या हसल्या. काकूही हसल्या. आमच्यात त्या सर्वांत मोठ्या, वयाने आणि अंगानेही.

“किती जणी हाय?” चौगुल्यांनी विचारलं. केबिनची काच धुळीने आंधळी झालेली, त्यांना आम्ही धड दिसत नव्हतो.

“नऊ,” मी म्हणाले.

आत सरकतं वजन दांडीवरून खरडत गेल्याचा आवाज आला. मग, “सहाशे वीस किलो. पावती फाडू का?”

ही त्र्याऐंशी सालच्या आषाढातली गोष्ट. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. कारखान्याच्या शाळेत मुलींना कवायत शिकवायची. वसाहतीत मला सगळे खराडेबाई म्हणत, फक्त द्वारकाकाकू इंदू म्हणत. त्या उन्हाळ्यात शाळेत आरोग्याचं भाषण झालं होतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगावरचं वजन वाढत गेलं आणि माणूस बसून राहिला, तर साखर, रक्तदाब तर आहेतच, पण काही प्रकारच्या कर्करोगांचीही शक्यता वाढते. चालत राहा, वजन आटोक्यात ठेवा. माझी थोरली बहीण छातीच्या गाठीने गेली होती. ती अंगाने भरलेली होती. डॉक्टर बोलत होते आणि मला तीच डोळ्यांसमोर दिसत होती. डॉक्टरांनी शक्यता म्हटलं होतं. मी ऐकलं ते असं की चालणाऱ्या बाईकडे तो रोग फिरकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दारं वाजवायला लागले. पंधरा दिवसांत आठ जणी जमल्या. रोज पहाटे वसाहतीच्या फाटकापासून यार्डाला वळसा घालून कॅनॉलपर्यंत जायचं आणि परत यायचं.

वजन करायचा प्रश्न आला तेव्हा सगळ्या मागे सरल्या. दवाखान्यात काटा होता, पण तिथला कंपाउंडर आकडा मोठ्याने वाचायचा आणि दुपारपर्यंत तो आकडा पाण्याच्या टाकीपाशी पोचायचा. वय सांगायला तयार असलेल्या बायकाही वजन सांगायला तयार नव्हत्या. तोड शेवंताने काढली.

“सगळ्या एकदम चढू की मोठ्या काट्यावर. एकूण किती उतरलं तेवढं कळंल. कुणाचं किती, ते काट्यालाबी कळाय नगं.”

मला ती कल्पना फार आवडली. कुणाची लाज जायची नाही आणि सगळ्यांना जोर येईल. तेव्हापासून दर दुसऱ्या गुरुवारी चौगुले आमच्यासाठी केबिन उघडायला लागले.

त्या प्लेटची एक खूण होती. पाय टाकला की ती कणभर खाली बसायची आणि जमिनीखालून ‘डग्’ असा आवाज यायचा. जुन्या रांजणावर कुणी मूठ मारावी तसा. बाई चढली की डग्, दुसरी चढली की डग्. रांगेतल्या मुली मोजून मोजून मला मोजायची खोडच लागलेली. पहिल्या गुरुवारी मी नऊ डग् मोजले होते.

आकडा उतरायला लागला. सहाशे दहा. मग पुन्हा सहाशे दहा, कारण तो काटा दहा किलोंच्या आतलं काही बोलायचा नाही. मग सहाशे. त्या दिवशी आम्ही यार्डातच शेंगदाण्याची चिक्की वाटून खाल्ली, आणि खाल्ल्यावर शेवंता म्हणाली, “आता पुन्यांदा काट्यावर चढू नगा गं.” जिला तिला वाटत होतं की यातले निम्मे किलो आपलेच. सगळ्या एकमेकींना सांगत होत्या, चेहरा उतरलाय हं तुझा, बरी दिसतेस. काकूंनाही तसंच सांगत होत्या. काकूंचा चेहरा खरंच उतरला होता, पण त्यांच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं तर त्या होत्या तशाच दिसायच्या. तोच रुंद घेर, तीच जड साडी, वरून लांब बाह्यांचा तपकिरी स्वेटर.

“काकू, गरम होत नाही का?” मी एकदा विचारलं.

“पहाटेचं बाधतं गं मला.”

काकूंचे यजमान देशिंगकर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. घरात सासूबाई, माई. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, कडक सोवळ्याच्या. सुनेने चालायला जावं हे त्यांना पटलं नव्हतं. मी विचारायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “चालायला काय झालंय? देवघर ते विहीर चालतेच की ती.” पण काकूंनी त्यांच्या मागून मला डोळ्यांनी खूण केली आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी सगळ्यांच्या आधी येऊन उभ्या राहिल्या.

भाद्रपदात आकडा पाचशे नव्वदवर आला. त्या दिवशी चौगुल्यांनी चेष्टा केली नाही. ते केबिनमधून बाहेर आले, पायरीवर उभे राहून त्यांनी आम्हाला बोटाने मोजलं, आम्हाला खाली उतरवलं, आणि पुन्हा आत जाऊन दांडी शून्यावर आणून पाहिली.

“काय झालं?” मी विचारलं.

“काय न्हाई बाई. काटा बरोबर हाय.”

परत येताना शेवंता माझ्या बाजूला आली. तिचा नवरा कारखान्यात फिटर, त्यामुळे कारखान्यातल्या गोष्टी तिला आमच्याआधी कळायच्या. आवाज खाली आणून ती म्हणाली, “बाई, तुमास्नी गाडीवानाचं ठावं हाय?”

“कुठल्या गाडीवानाचं?”

“चार हंगामांमागचा. भरल्या गाडीवर बसून काट्यावर आला. गाडी, ऊस, बैल, त्यो, सगळ्याचं वजन झालं. पुढं गव्हाणीपाशी, गाळायला ऊस टाकत्यात तितं, गाडी रिकामी करताना मोळी अंगावर आली आन् गेला. मग रिकामी गाडी दुसऱ्यानं हाकत आणली, चालत. वर कुणी न्हवतं.”

मला समजायला क्षणभर वेळ लागला. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उसाचं वजन निघतं. येताना तो माणूस वजनात होता, जाताना नव्हता.

“म्हंजे त्यो उसात लागला,” शेवंता म्हणाली. “साठ-सत्तर किलो ऊस म्हणून. गाळला गेला हिशोबात. पोती भरली त्येची. चौगुलेभाऊ सांगत्यात, तवापासनं काटा कंदी कंदी कमी दावतो. त्यो आपलं वजन परत गोळा करतोय.”

“काहीतरीच बोलतेस.”

“मग सांगा, तुमी कवायतीच्या बाई हाय. मी दोन म्हैन्यांत पोलक्याचं एक हूक आत घेतलं न्हाई. तुमी घेतलं? मग ह्ये तीस किलो गेलं कुटं?”

मी हसून सोडून दिलं. पण घरी आल्यावर आरशासमोर उभी राहिले आणि माझ्या पोलक्याची हुकं मोजली. ती होती तिथेच होती.

त्याच आठवड्यात गौरी आल्या. काकूंच्या घरी मी हळदीकुंकवाला गेले होते. गौरींपुढे सोळा भाज्यांचा नैवेद्य मांडलेला. माई पाटावर बसून येणाऱ्या प्रत्येकीला सांगत होत्या, “चार वर्षं झाली, सगळं देवाचं हीच करते. आता अडचण नाही तिला महिन्याची. मी फक्त बोट दाखवायचं.” काकू माझ्या ओटीत तांदूळ घालत होत्या. त्यांचा हात इतका गार होता की मी वर पाहिलं.

“काकू, बरं नाही का?”

“उपास आहे.”

“गौरी जेवल्या तरी उपास?”

त्यांनी माईंकडे एकदा पाहिलं आणि माझ्या हातावर खडीसाखर ठेवली.

आश्विनातल्या पहिल्या गुरुवारी धुकं होतं. गव्हाणीचं छप्पर दिसत नव्हतं, चिमणी अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटत होती. आम्ही एकेक करून काट्यावर चढलो. चौगुल्यांचा दांडीवरचा हात आम्हाला ऐकू येत होता. सरकवत, थांबत, पुन्हा मागे आणत.

“किती जणी हाय, बाई?”

“नऊ.”

“पुन्यांदा मोजा.”

“नऊच आहोत, चौगुले.”

ते बाहेर आले. आकडा त्यांनी मोठ्याने सांगितला नाही. माझ्याजवळ येऊन म्हणाले, “पाचशे ऐंशी. आषाढापासनं चाळीस किलो गेलं. चाळीस किलो म्हंजे काय वो? एक शाळकरी पोरगी. तुमच्यातनं एक पोरगी उठून गेलीय, आन् तुमी नऊच्या नऊ हितं उभ्या.”

मागे कुणीतरी रामराम म्हणायला लागलं. शेवंता सगळ्यांत आधी खाली उतरली. “मी न्हाई येणार हितं आता. चालायचं तर कॅनॉलकडनं चालू. ह्यो काटा माणसं खातोय.”

“शेवंता, अगं शिकलेली ना तू?”

“सातवी शिकलेय. भ्यायला तेवढं पुरतं.”

मला राग आला होता. तीन महिने मी या बायकांना पहाटे उठवत होते, आणि आता एका मेलेल्या गाडीवानापायी सगळं मोडणार होतं. मी म्हणाले, “असं करू. पुढच्या वेळी एकेकीला काट्यावर उभं करू. आकडा फक्त मी ऐकेन, कुणाला सांगणार नाही. कुणाचं किती उतरलं ते कळलं की हा गाडीवान आपोआप जाईल.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेवढ्यात काकूंनी माझा दंड धरला. इतका घट्ट की नखं रुतली.

“मला एकटीला उभं करू नकोस, इंदू.”

“अहो काकू, मी कुणाला सांगणार नाही.”

“नको म्हणते ना.” आणि त्या वळून एकट्याच चालायला लागल्या. धुक्यात त्यांचा तो रुंद तपकिरी स्वेटर काही वेळ दिसत राहिला. मग तोही दिसेना.

त्यानंतरचा आठवडा काकू फाटकाशी आल्या नाहीत. शेवंताही आली नाही. आम्ही पाच-सहा जणी कशाबशा कॅनॉलपर्यंत जाऊन येत होतो. बुधवारी मी ठरवलं की उद्या लवकर निघून, वाटेत काकूंना घेऊनच जायचं. गुरुवारी साडेपाचला त्यांच्या दारी गेले तर दार लोटलेलं. आत माई जपाला बसलेल्या. त्या म्हणाल्या, “ती मघाच गेली. तुमच्याकडेच ना?”

फाटकाशी कुणी नव्हतं. मी यार्डात गेले. धुकं आदल्या गुरुवारपेक्षा दाट होतं. केबिनला कुलूप. आणि काट्याच्या मधोमध कुणीतरी उभं होतं.

काकू होत्या. पायांत चप्पल नव्हती. समोर प्लेटवर केळीचं पान, पानावर दहीभात, शेजारी नारळ. त्या हात जोडून उभ्या होत्या, आणि आंधळ्या काचेकडे बघत होत्या, जणू आतून कुणी आकडा सांगणार होतं.

“काकू.”

“येऊ नकोस वर.”

“काय करताय?”

“त्याला सांगतेय, बायकांना सोड म्हणून. त्यांचं काही नाही. घेतो आहेस ते माझंच घे.”

मला भीती वाटली. भुताची भीती नव्हती ती. काकू इतक्या शांतपणे बोलत होत्या की जणू दुकानात उभ्या आहेत.

“काकू, असा कुणी नसतो.”

“मग माझं जातंय कुठे?” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “मला माहीत आहे इंदू, ते चाळीस किलो कुणाचे. तुम्ही सगळ्या मोजत होता आणि मी मागे उभी राहून ऐकत होते. दर वेळी वाटायचं, आज ओळखतील.”

मी काट्यावर चढले. माझ्या पायाखाली डग् झालं. त्यांना धरून खाली आणताना माझा हात त्यांच्या कमरेभोवती गेला आणि आत गेला. कपड्यात, कपड्याच्या आत कपड्यात, आणि तरी बाई लागेना.

मी त्यांना माझ्या घरी आणलं. माझे यजमान पाळीवर गेलेले, घरात कुणी नव्हतं. दाराला कडी लावली. काकूंनी आधी स्वेटर काढला. मग साडी. साडीच्या आत एक परकर, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. कमरेला जुन्या नऊवारीच्या घड्या गुंडाळलेल्या, एकावर एक, सुतळीने बांधलेल्या. मी एकेक सोडवत होते आणि खाली जमिनीवर कपड्यांचा ढीग वाढत होता. आतल्या घड्या डागाळलेल्या होत्या. काही जुने तपकिरी डाग, काही आजचे.

शेवटी ढिगाशेजारी त्या उभ्या राहिल्या. गळ्याची हाडं वर आलेली, दंडाची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबत होती. आमच्यातली सर्वांत मोठी बाई. ती रोज आमच्याबरोबर चालत होती, आणि त्या घड्यांच्या आत थोडी थोडी करून संपत होती.

“चैत्रात पहिल्यांदा दिसलं,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं काही नव्हतं. वाटलं, थांबेल. मग श्रावण आला. माईंना सांगितलं असतं तर पुन्हा बाजूला बसवलं असतं, या वयात, कोपऱ्यात, पोतं टाकून. तीस वर्षं बसले गं. आता कुठे देवाचं माझ्या हाती आलं होतं.”

“म्हणून लपवलंत?”

“लपवलं आणि त्याच हाताने गौरीचा नैवेद्य केला. पुरण वाटलं. तेव्हापासून उपास करतेय मी. एक वेळ, मग दोन दिवसांतून एकदा. तरी जातंच आहे. देवीने मला त्या गाडीवानाच्या हवाली केलं, असंच वाटलं मला.”

मी त्यांना माझं पातळ नेसवलं. ते दोनदा गुंडाळावं लागलं.

त्याच दिवशी दुपारी कारखान्याच्या जीपमधून मिरजेला गेलो. देशिंगकर पुढे बसले होते. मोठ्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी काकूंना काट्यावर उभं केलं. पांढऱ्या रंगाचा, एकट्या माणसाचा काटा. परिचारिकेने वाचलं, “सत्तावन्न.”

“कधीतरी सत्त्याण्णव होते,” काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, जरा नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या, “एकटीचा आकडा किती पटकन कळतो, नाही?”

चार दिवसांनी तपासणीचा निकाल आला. गर्भाशयाचा कर्करोग. देशिंगकर बाहेर बाकावर बसून राहिले. मी आत गेले, कारण मला एक विचारायचं होतं.

“डॉक्टर, आम्ही चालत होतो रोज. त्यांना झेपलं नाही, म्हणून तर झालं नाही ना?”

“चालण्याने होत नाही, बाई. चाललात ते बरंच केलंत, ऑपरेशन सोसायला उपयोगी पडेल. उलट वर्षानुवर्षं वजन खूप राहिलं, हालचाल नाही, तर पाळी गेल्यावर या रोगाची शक्यता वाढते. वाढते म्हणजे होतोच असं नाही. सडपातळ बायकाही येतात माझ्याकडे, रोज पळणाऱ्याही येतात.”

“मग त्यांचं वजन उतरलं ते?”

“काही उपासाने, बरंचसं रोगाने. चालून इतकं जात नाही. गेलं तर आनंद करायचा नसतो, का गेलं ते विचारायचं असतं. आणि पाळी थांबल्यावर एक डाग दिसला तरी त्याच दिवशी यायचं.” त्यांनी कागद उलटला. “श्रावणात जरी आला असतात, तरी काम सोपं होतं.”

श्रावणात. तो शब्द मी आजवर कुणाला सांगितला नाही, यजमानांनाही नाही. आता त्र्याऐंशी वर्षांची आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही. श्रावणात, आकडा सहाशेवर आला त्या गुरुवारी, बायका काट्यावर चढत असताना मी नेहमीसारखी मोजत होते. आठ डग् झाले. काकू शेवटच्या चढल्या होत्या, अगदी अलगद, निजलेल्या पोराजवळून जावं तसं पाऊल टाकून. आवाजच झाला नाही. मला ते कळलं होतं. वळून एकदा त्यांच्याकडे नीट पाहायचं, एवढंच करायचं होतं. पण तेवढ्यात चौगुल्यांनी विचारलं, किती जणी. सहाशेच्या खाली जायची मला घाई झाली होती. मी आठ ऐकले होते आणि नऊ म्हणाले होते.

ऑपरेशन झालं. नंतर किरणांचे उपचार झाले. हंगाम सुरू झाला, यार्ड गाड्यांनी आणि कंदिलांनी भरून गेलं, आणि त्या काट्यावरून लाखो टन ऊस गेला. माई रोज माझ्या घरी येऊन विचारत, कशी आहे ती. एकदा दारातच थांबून म्हणाल्या, “मी कोपऱ्यात बसवलं असतं, हे खरं आहे. खोटं कशाला बोलू?” आणि परत गेल्या. काकू घरी आल्या तेव्हा माईंनी स्वतः उठून त्यांचा पाट स्वयंपाकघरात मांडला. सोवळ्याचं नाव काढलं नाही.

पुढच्या आषाढात, हंगाम बंद झाल्यावर, एका गुरुवारी आम्ही पुन्हा यार्डात जमलो. शेवंताही आली. म्हणाली, “मी लांब उभी ऱ्हाऊन बघनार हाय फक्त,” आणि सगळ्यांत पुढे येऊन उभी राहिली. देशिंगकर काकूंना स्कूटरवरून सोडून गेले. काकू वाळल्या होत्या, पण अंगावर एकच साडी होती आणि एकच परकर.

त्यांच्या पिशवीत केळीचं पान होतं. काट्याच्या कडेला बसून त्यांनी त्यावर दहीभात वाढला.

“आता कशाला, काकू?” मी विचारलं.

“उगाच आळ घेतला गं बिचाऱ्यावर. उसात मोजला गेला तो, त्याच्यावर वर आणि चोरीचा आळ.”

केबिनची काच त्या वर्षी कुणीतरी पुसली होती. चौगुले आतून सरळ आमच्याकडे बघत होते. त्या दिवशी आधी एकेकीचं वजन झालं. नाव घेऊन, मोठ्याने, यार्डभर ऐकू जाईल असं. शेवंता मगदूम, सत्तर. ती म्हणाली, “वरचं धा किलो ऊस म्हणून कापून घ्या.” इंदुमती खराडे, साठ. काकू मात्र म्हणाल्या, माझं शेवटी सगळ्यांबरोबर करू.

आम्ही एकेक करून चढायला लागलो. मी सर्वांत आधी चढून तोंड फिरवून उभी राहिले, बायकांकडे, आणि जमिनीखालून येणारा आवाज ऐकत राहिले. डग्. डग्. शेवंताचा मोठा. आठवा झाला.

काकू कडेला थांबल्या. त्यांनी एकदा पायाखालच्या लोखंडाकडे पाहिलं, एकदा पानावरच्या भाताकडे. भाताजवळ कुणी नव्हतं. यार्डात वारा नव्हता, पण पानाची कड हलत होती. मग त्यांनी पदर खोचला आणि उंबरा ओलांडावा तसा पूर्ण पाय वर टाकला.

आवाज यायला क्षणभर उशीर झाला. निदान मला तरी तसं वाटलं. मग पायाखालून, खोलातून, तो आला.

“किती जणी?” चौगुल्यांनी काचेमागून विचारलं.

“नऊ,” मी म्हणाले. या वेळी मी नऊ ऐकले होते.